चेटकीण सुरतला पाठवणारे काका

नंदुरबारच्या आमच्या टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडणारे एक काका आहेत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. खेळ सुटला की बाहेर येणाऱ्यांना ते "कसा वाटना?" विचारतात आणि उत्तरं पुढच्या खेळाच्या रांगेला ऐकवतात. स्वतःचं मत मात्र कधी देत नाहीत. मुलांचा तो परीकथेचा, गाण्यांनी भरलेला कार्टून सिनेमा लागला तेव्हा ते म्हणाले, "बाया म्हंतस गाना भारी शेतस. माणसे म्हंतस झोप भारी लागनी."

आमच्या घरातही तेच झालं. टॉकीजमधून बाहेर पडताना बायको गाण्यांची बाजू लढवत होती आणि मी झोपेची. एवढ्यात आमची पिंकी भोकाड पसरून रडायला लागली. सिनेमातली चेटकीण आपल्या मागे घरी येईल, अशी तिला भीती वाटत होती.

काकांनी तिला रिकाम्या हॉलमध्ये नेलं आणि पडद्याला हात लावायला दिला. "देख बेटा, आठे कोनीच नही शे. ती नवापूरनी गाडीमा बसी गई."

"नवापूरला माझी आत्या राहते!" पिंकीचा आवाज आणखी चढला.

काका गडबडले. मग ठासून म्हणाले, "नवापूरले ती उतरनीच नही! गाडीमा झोपी गई, डायरेक्ट सुरत!"

पिंकी खुदकन हसली. काकांनी तिला माझ्या कडेवर दिलं आणि ते माझ्या कानाशी पुटपुटले, "हिले पटकन घर लई जा भाऊ. सुरतनी गाडी परत कव्हय येस, हाई तिनी इचारं तर मी काय सांगू?"