आकाशकंदिलाचा खिळा

अंगणातला कडुनिंब वादळात पडला आणि बंबाला वर्षभराचं सरपण झालं. मी हौसेनं घेतलेलं लाकूड कापायचं घरगुती मशीन फांद्यांवर छान चाललं, पण बुंध्यात घुरघुरून बंद पडलं. म्हणून पेठ तालुक्याकडच्या एका लाकूडतोड्याला बोलावलं.

त्याचं मशीन माझ्या मशीनच्या दुप्पट होतं, पण तो ते सुरूच करेना. बुंध्यावर हात फिरवत घराकडे बघत राहिला. मला त्याचं लक्षण बरं दिसेना.

"दिवाळीला कंदील कुठं लावता?"

याला कशाला नसत्या चौकशा? "गॅलरीत," मी तुटकपणे म्हणालो.

"पहिल्यापासून?"

"नाही. गॅलरी नव्हती तेव्हा या झाडालाच."

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बुंध्याच्या बुडापासून तेवढंच अंतर मोजलं, वर हातभर सरकला आणि कुऱ्हाडीनं साल सोलली. आत गंजका खिळा होता.

"तुमचं मशीन अडकलं की बंद पडतं, साहेब. माझं थांबत नाय. साखळी तुटून तोंडावर येते."

खिळा त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. तो मीच ठोकला होता, आणि मघापासून नजर मात्र त्याच्या हातांवर ठेवून होतो.