काकांनी मांडलेलं स्वयंपाकघर

माझे काका कुठलीही गोष्ट सरळ करत नसत. आधी ती खोटी खोटी करून बघत आणि मग खरी. हे मी चेष्टेने म्हणत नाही, त्यांचं कामच ते होतं. पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात ते इंजिनिअर होते. तिथलं एखादं यंत्र हलवायचं ठरलं, की सगळा कारखाना आधी कॉम्प्युटरवर उभा करायचा, त्यात माल फिरवायचा, माणसं चालवायची आणि गाडं कुठे अडतंय ते बघायचं. लेथ भिंतीजवळ नेली तर क्रेनसाठी कोण ताटकळत बसेल? रंगकामाची खोली पुढे आणली तर ढकलगाड्या एकमेकींच्या अंगावर येतील का? खरी लेथ हलवायची तर दिवसभराचा खोळंबा. पडद्यावरची बोटाने हलते.

"चुका इथे करून घ्यायच्या," काका म्हणत, "इथे कोणाचा पाय चिरडत नाही."

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले आणि नोकरी लागल्यावरही तिथेच राहिले. आज ते घर नाही. पण बाहेरच्या खोलीतलं त्यांचं टेबल डोळे मिटले तरी मला दिसतं. त्यावर घरघर करणारा जुना कॉम्प्युटर, वाकवता येणारा दिवा आणि कारखान्याचा भला मोठा नकाशा. नकाशावर पुठ्ठ्याचे छोटे तुकडे मांडलेले असत. प्रत्येक तुकडा म्हणजे एक यंत्र, बरोबर मापात कापलेलं. कॉम्प्युटर असूनही काकांना हे तुकडे लागत. हाताने सरकवल्याशिवाय आपल्याला पटत नाही, असं ते म्हणत. काकू झाडायला आली की दोन-चार यंत्रं हमखास खाली पडायची आणि मग रिटायरमेंटला आलेला हा मोठा माणूस कपाटाखाली हात घालून अर्धा तास ड्रिल मशीन शोधत बसायचा.

"सापडलं का हो?" काकू आतून विचारायची. "नाहीतर केरात बघा. सकाळी एक बॉयलर टाकलाय मी."

काकूची जीभ तिखट होती आणि माझा राग नाकावर, त्यामुळे आमचं दोघींचं छान जमायचं. काकांच्या खोड्या काढणं हा आमचा सामायिक उद्योग होता. त्यांना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. बाजारात आधी कुठे जाऊ, असं विचारलं तर ते कागद ओढायचे. त्यांचे ठरलेले तीन प्रश्न असत: कमी काय करायचंय? हलवता काय येतं? आणि कशाला हात लावायचा नाही? या तिन्हींची उत्तरं देईपर्यंत दुकानं बंद व्हायची वेळ यायची.

एका भाचीच्या लग्नात तर त्यांनी जेवणाच्या रांगेचं मॉडेल केलं. ताटं दोन्ही टोकांना ठेवली तर निम्म्या वेळात जेवणं उरकतात, असं त्यात निघालं. प्रत्यक्षात पाहुण्यांनी ओळखीचा चेहरा जिकडे दिसेल तिकडे गर्दी केली. एका टोकाला ही झुंबड, दुसऱ्या टोकाला वाढपी माश्या मारत उभा. काका कोपऱ्यात उभे राहून म्हणाले, "माणसं एकमेकांशी बोलतात, हे मी घातलंच नव्हतं." त्या वेळी आम्ही हसून हसून बेजार झालो होतो.

त्यांच्या कामातली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडायची. हजारो मांडण्यांमधून सगळ्यात चांगली शोधताना त्यांचा प्रोग्रॅम मधूनच मुद्दाम वाईट मांडणी पत्करायचा. मी म्हटलं, हा काय वेडेपणा? काकांनी मला स्वयंपाकघरात नेलं. काकू डाळ भरत होती आणि डबा भरत आला की हलवत होती. आधी जोरात, मग हळूहळू. डाळ खाली बसली की वर जागा व्हायची. "हलवलं नाही, तर पहिल्यांदा बसली तशीच अडकून राहील," काका म्हणाले. "सुरुवातीला धसमुसळेपणाने हलवायचं, शेवटी अलगद. आम्ही तेच करतो." काकू म्हणाली, "म्हणजे माझंच काम करून पगार घेताय." काका खूश होऊन हसले होते.

त्याच काकूची नजर जायला लागली. काका रिटायर झाले त्याच्या पुढच्याच वर्षी. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलं धुरकट. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की गेलेलं परत येणार नाही आणि राहिलेलंही टिकणार नाही. फार तर एक छोटी शस्त्रक्रिया करून थोडे दिवस मिळवू.

माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, दूरच्या शहरात असायचा. तो फोनवर म्हणाला, "आई, आता पुरे. महिनाअखेरीला येतो आणि तुम्हा दोघांना घेऊन जातो. घराला कुलूप लावू." वाईट मुलगा नव्हता तो. आईने गॅसपाशी एकटीने उभं राहायचं, या कल्पनेनेच त्याची झोप उडाली होती. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

काकूने फोन ठेवला. मग म्हणाली, "त्याच्या घरी मी आंधळी होईन गं. इथे मला नुसतं दिसत नाही." तिचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता. दादाला पटवायचा एकच मार्ग होता. तो येईल तेव्हा काकू स्वयंपाकघरात एकटीने वावरताना त्याला दिसायला हवी होती. आणि तेच तिला जमेनासं झालं होतं. ओट्याच्या कोपऱ्याला कंबर आपटत होती, हाताला डबा लागायला वेळ लागत होता.

काका म्हणाले, "हा माझा प्रांत आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली. काकू किती पावलं चालते, कुठून कुठे जाते, कशाला कितीदा हात लावते, सगळं ते टिपून घेत होते. आठवडाभर हे चाललं होतं. आत पाऊल टाकायचं नाही, शब्द काढायचा नाही, असा त्यांनी स्वतःला दंडक घातला होता. मोजणारा मधे लुडबुडला की आकडे बिघडतात, असं त्यांचं म्हणणं. काकू वैतागून म्हणायची, "अहो, चहा तरी आत येऊन प्या." ते बोट ओठावर ठेवायचे, जे तिला धड दिसतही नव्हतं. त्या आठवड्यात काकू रोज थोडी जास्त चाचपडत होती. काकांनी ते नजर जाण्याच्या खात्यात टाकलं.

मग शस्त्रक्रियेसाठी काकूला दवाखान्यात ठेवलं. तिच्यासोबत मी राहिले. तेवढ्यात काकांनी घरी कॉम्प्युटर सुरू केला, टेबलावरून कारखाना उचलला आणि पुठ्ठ्याचं स्वयंपाकघर मांडलं. कमी काय करायचंय, तर काकूचं चालणं. हलवता काय येतं, तर गॅस आणि मोरी सोडून सगळं. आम्ही परत आलो तेव्हा सुताराला बोलावून त्यांनी फळ्यासुद्धा नव्याने ठोकून घेतल्या होत्या. मीठ, साखर, चहापत्ती गॅसच्या हाताशी. जड भांडी कमरेच्या उंचीवर. खिडकीखालचं लाकडी स्टूल माळ्यावर, कारण मोजणीच्या दिवसांत त्याला कोणाचा हातही लागला नव्हता. काकूचं चालणं निम्म्याहून कमी झालं होतं. दारात उभे राहून ते एखाद्या शाळकरी मुलासारखे शाबासकीची वाट बघत होते.

काकू आत गेली. हात सवयीने डावीकडे मिठाच्या बरणीकडे गेला. तिथे आता काकांनी आमच्या चहासाठी तापवून ठेवलेली किटली होती.

बोटं भाजली. फार नाही, पण ती ओरडली नाही याचीच मला भीती वाटली. नळाखाली हात धरला, बाहेर आली आणि पलंगावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दादाला सांग, माझी बॅग भरून ठेवते."

माझा पारा चढला. काकांना मी असं धारेवर धरलं, की आजही आठवलं तर कान गरम होतात, पण पश्चात्ताप होत नाही. "तिच्या हाताला पाठ असलेलं घर तुम्ही पुसून टाकलंत," मी म्हटलं. "तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, आता हातांनीही दिसत नाही!" काका खुर्चीत बसले. "सवयीची किंमत मी शून्य धरली," एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून पुसत राहिले. मला त्यांची दयाही येत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या धंद्यातली पक्की होती. नवं काहीही करून बघायच्या आधी आहे ती मांडणी जशीच्या तशी उतरवून ठेवायची, म्हणजे तुलना करता येते. स्वयंपाकघराची जुनी मांडणी इंचाइंचाने त्यांच्याकडे होती. सुतार पुन्हा आला आणि मनातल्या मनात आम्हाला वेड्यात काढत फळ्या पुन्हा जुन्या जागी ठोकून गेला. मी डबे लावले, काकांनी टेप लावून प्रत्येकाचं अंतर तपासलं. मीठ डावीकडे, किटली मागे, विळी खालच्या खणात, स्टूल खिडकीखाली. दादा दुसऱ्या दिवशी येणार होता.

सकाळी, दादा पोचायच्या आधी, आम्ही काकूला हाताला धरून दारापर्यंत आणलं. ती आत गेली. आम्ही दोघं दारात थांबलो.

ती ओट्यापाशी पोचली आणि थांबली. हात पुढे केला, मागे घेतला. पुन्हा पुढे केला. मिठाच्या बरणीपासून वीतभर अंतरावर तिची बोटं हवेत नुसती फिरत राहिली.

"चुकतंय काहीतरी," ती म्हणाली.

"सगळं जागेवर आहे गं," मी म्हटलं. "काकांनी मोजलंय."

"मोजलं असेल. मला लागत नाहीये." आणि मग, रडण्यापेक्षा रागावणं तिला नेहमीच सोपं जायचं म्हणून, ती काकांवर उखडली. "आणि हे कुठे आहेत? अहो! तिथे चोरासारखे काय उभे आहात? पंधरा दिवस झाले, घरात मूग गिळून फिरताय. बसा ना आपल्या जागेवर!"

काकांना आधी कळेचना. मग ते हळूच आत गेले आणि खिडकीखालच्या स्टुलावर बसले. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ते तिथेच चहाचा कप घेऊन बसत, पेपर मोठ्याने वाचत, साहेबांना नावं ठेवत, आणि काकू पाठमोरी राहून हं हं करत काम उरकायची. मोजणीचा आठवडा तेवढा सोडून.

"बोला काहीतरी," काकू म्हणाली.

"काय बोलू?"

"इतकी वर्षं काय मला विचारून बोलत होतात?"

काका घसा खाकरून बोलायला लागले. काही सुचेना, तेव्हा कारखान्यात शिरले. दारातून आत गेलं की पहिली लेथ, तिच्या उजव्या हाताला ड्रिल, मग तो जाड्या फोरमन, जो क्रेनला स्वतःच्या मुलीसारखा जपायचा... काकूने मान किंचित कलती केली. खांदे सैल सोडले. आवाज पाठीमागे, जरा उजवीकडे. म्हणजे गॅस समोर. म्हणजे मीठ इथे. तिचा हात सरळ गेला आणि बरणीवर थांबला. मग साखर. मग पातेलं. काडी ओढली, गॅस पेटला. मी दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी होते. हे तिला तरी आधी माहीत होतं का, कोण जाणे. नसावं.

पाणी उकळलं. काकूने फडक्याने पातेलं उचललं आणि नेमका तेव्हाच काकांचा आवाज थांबला. मी वळून बघितलं. ते स्टुलावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते.

काकू जागच्या जागी थिजली.

"अहो, थांबू नका," ती म्हणाली. "माझ्या हातात उकळतं पाणी आहे."

काकांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि फोरमनच्या पुढचं सांगायला लागले. आवाज फुटत होता, शब्द गिळले जात होते, पण ते थांबले नाहीत. कप भरले गेले, पातेलं ओट्यावर टेकलं, तरीही ते बोलतच राहिले.