अर्धी गोळी

माझ्या आईची आणि काकूची पिशवी एकाच दवाखान्यात, एकाच आठवड्यात काढली. दोघी जावा चाळिशीच्याही आतल्या. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. मग सुरू झाली अंगाची आग. वैजापूरकडच्या आमच्या शेतात थंडीत कापूस वेचतानाही दोघी घामानं भिजायच्या.

मी तेव्हा शहराजवळ बजाजनगरात राहत होते. आईला शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं, छाती तपासली आणि हार्मोनची गोळी दिली. शरीरात जे बनायचं थांबलं, ते बाहेरून, रोज. काकूला मात्र काकांनी पाठवलं नाही. पिशवी काढली म्हणजे रोग संपला, असं त्यांचं ठाम मत. आपल्याला कधी होणारच नाही त्या दुखण्याबद्दल माणसाची मतं फार ठाम असतात.

आईला गुण येईना. डॉक्टरीणबाई डोस वाढवायच्या विचारात होत्या. दिवाळीला घरी गेले तर आई अडकित्त्यानं गोळीचे दोन तुकडे करत बसलेली. एक तिचा, एक काकूचा.

"आई, ही काय सुपारी आहे?" मी भडकलेच.

"तिची बी पिशवी माझ्याच संगं काढली. म्या एकटीनंच गार व्हावं?"

मग मी कुणाचं न ऐकता काकूलाही डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिच्या छातीत गाठ निघाली. तिला ती आधीपासून ठाऊक होती, लाजेपायी बोलली नव्हती. गाठ वाईट होती. स्तन काढावा लागला.

गाठ गोळीच्या आधीची आहे, असं डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं. पण अशी गाठ या गोळीनं वाढू शकते, हेही सांगितलं. आईनं तेवढंच ऐकलं. गोळ्या फडताळात टाकल्या, काकूच्या नजरेला नजर देणंही सोडलं. आईला पुन्हा आगीत होरपळताना बघून माझा जीव तुटायचा.

एका सकाळी काकू पाण्याचा तांब्या घेऊन आली. डावीकडे पदर सपाट पडलेला, कपाळावर घाम. तिला आता ही गोळी कधीच चालणार नव्हती. तिनं फडताळातून पाकीट काढलं, आईच्या तळहातावर गोळी ठेवली. आईचे डोळे अडकित्ता शोधू लागले.

"अडकित्ता म्या नेलाय, जाऊबाई," काकू म्हणाली. "अख्खी गिळा."

आईनं गिळली. काकू पदरानं गळ्यावरचा घाम पुसत तिच्यासमोरच बसून राहिली.