झोपवलेला पहारेकरी

ह्यांचे डोळे साखरेने गेले. एकदम गेले नाहीत. आधी सुईचं भोक दिसेना, मग बसचा नंबर, मग कॉम्प्युटरवरचे बारीक टाके. डॉक्टरांनी डोळ्यांत इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. दवाखान्यातून येताना रिक्षात हे म्हणाले, "नवीन काही काढता येणार नाही आता. पण काढून ठेवलेलं आहे ना. त्यावर आपलं दोघांचं निभेल."

काढून ठेवलेलं म्हणजे डिझाइनं. बंगळूरला शिवाजीनगरच्या बाजारामागे आमची एक खोली होती, तिथे भरतकामाचं मशीन. लग्नाच्या ब्लाउजांच्या बाह्या आणि पाठी आमच्याकडे भरायला यायच्या. सुई कुठे टोचायची हे मशीनला आधी कॉम्प्युटरवर टाका टाका काढून सांगावं लागतं. त्याला पंचिंग म्हणतात. एका मोरासाठी हे कितीतरी दिवस मान मोडून बसायचे. माझे सासरे हाताने ज्या वेली भरायचे, त्याही ह्यांनी तशाच उतरवून घेतल्या होत्या. डोळे होते तेव्हाची सगळी कमाई त्या एका कॉम्प्युटरात होती.

मी चौथीपर्यंत शिकले, निपाणीकडच्या खेड्यात. चारचौघांत मला बोलता येत नाही. लिहिता येतं, कुणी वाचणार नसेल तर.

कॉम्प्युटर जुना झाला होता. दुरुस्तीवाल्याने त्यात नवी सिस्टीम टाकून दिली. त्याच सुमारास आमच्या अँटीव्हायरसचं वर्ष संपलं. रविवारी मारतहळ्ळीहून भावोजी जेवायला आले. ते तिथे कंपनीत आहेत, कॉम्प्युटरचंच काम करतात. ह्यांनी पहिला घास घेण्याआधी विचारलं, "काय रे, नवी सिस्टीम आली, आता ते अँटीव्हायरस परत घ्यायला लागतं का?"

"नको अण्णा. आता ते सिस्टीमच्या आतच येतं."

"फुकट?"

"फुकट."

"मग इतकी वर्षं दर वर्षी आम्हाला घ्यायला लावत होतास ते?"

"तेव्हा लागायचं. आता हा घरचाच पहारेकरी. फक्त त्याला झोपवू नकोस."

"घरच्या पहारेकऱ्याला पगार नसतो," हे म्हणाले. "तुझ्या वहिनीला विचार."

भावोजी हसले, मीही तोंडाला पदर लावून हसले. घरात आम्ही असे हसलो त्याला आता किती दिवस झाले कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पंचिंगचं सॉफ्टवेअर उघडेना. ब्लाउजच्या मापाप्रमाणे डिझाइन लहानमोठं करायचं तर ते लागतंच. आमचं ते विकत घेतलेलं नव्हतं. आमच्या गल्लीत कुणाचंच नव्हतं. कुणीतरी कुलूप तोडलेलं आणायचं आणि सगळ्यांनी वाटून घ्यायचं, अशीच रीत. जुन्या अँटीव्हायरसला कधीकाळी कुणी तरी सांगून ठेवलं होतं की ह्याला हात लावू नकोस. नव्या पहारेकऱ्याने त्याला चोर म्हणून धरलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

हे भावोजींना कसं विचारणार? धाकट्या भावापुढे चोरीचं सॉफ्टवेअर वापरतो म्हणायची ह्यांना लाज. शेजारच्या कारखानदाराने आत डोकावून तोड सांगितली, "स्वल्प बंद करा अण्णा. काम झालं की चालू करा. आम्ही सगळे तेच करतो."

तेव्हापासून सकाळचा क्रम ठरला. खोली उघडायची, मशीनला उदबत्ती ओवाळायची, तेलाचा थेंब सोडायचा आणि पहारेकऱ्याला बंद करायचं. पडद्यावरची अक्षरं ह्यांना धुरकट दिसायची, पण जागा हाताला पाठ झाल्या होत्या. संध्याकाळी चालू करायचं मात्र हळूहळू राहून जायला लागलं. तरी दुसऱ्या दिवशी बघावं तर तो आपोआप जागा झालेला असायचा. "इमानी आहे बघ," हे म्हणायचे, आणि परत बंद करायचे.

लगीनसराईत इंदिरानगरच्या एका बुटीकचा ड्रायव्हर पेन ड्राइव्ह घेऊन आला. बाईंनी त्यात कुठलं तरी कमळ पाठवलं होतं. ह्यांनी तो लावला. मी खाली बसून भरलेल्या बाह्यांचे सुटे धागे कापत होते.

"अगं, इकडे ये. फाइलींची नावं बदलल्यासारखी दिसतायत का?"

मी पाहिलं. सगळ्या नावांना एकसारखं शेपूट लागलं होतं. बघता बघता पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजी मजकूर आला.

"वाच."

"मला कुठलं इंग्रजी येतं?"

"अक्षरं येतात ना. अक्षरं सांग."

मी एकेक अक्षर सांगत गेले, हे जोडत गेले. मला अर्थ लागत नव्हता, म्हणून मी पुढच्या ओळीवर गेले. ह्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "पुरे," म्हणाले.

भावोजी धावत आले. खुर्चीवर बसून खूप वेळ काही बाही करत राहिले. मग मागे न बघता विचारलं, "अण्णा, पहारा कुणी बंद केला?"

हे उदबत्तीची राख हाताने पुसत राहिले.

"बरं, मी वेगळ्या डब्यात कॉपी ठेवायला सांगितली होती."

"ती आहे की." ह्यांचा चेहरा एकदम उजळला. टेबलामागे हात घालून त्यांनी तो हार्ड डिस्कचा छोटा काळा डबा दाखवला. त्याची वायर कॉम्प्युटरमध्येच होती.

"हा कायम लावलेलाच असतो?"

"हो. काढला तर कुठे हरवेल म्हणून."

भावोजींनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. डबाही गेला होता. व्हायरस सोडणाऱ्यांनी सगळ्या फाइलींना कुलूप घातलंय, उघडायचे पैसे मागतायत, पण देऊनही फाइली परत मिळतील याचा भरवसा नाही, असं ते म्हणाले. जाताना अण्णांना एका शब्दाने रागावले नाहीत. रागावले असते तर ह्यांना बरं वाटलं असतं.

नमुन्याची कापडं आहेत अजून. हे कधी कधी एखादं मांडीवर घेऊन वेलीवरून बोट फिरवतात, कुठे टाका दाट, कुठे विरळ, सगळं सांगतात. पण ते परत कॉम्प्युटरात उतरवायला डोळे लागतात.

मशीन विकलं, खोली सोडली. आता हे त्याच शेजारच्या कारखानदाराकडे जातात. कापड ताणून फ्रेममध्ये बसवायचं काम. ते हाताच्या अंदाजाने होतं.

काल जेवताना सांगत होते. तिथेही नवी सिस्टीम टाकली. मालकाने विचारलं, "अण्णा, अँटीव्हायरस वेगळं लागतं का हो आता?"

"मग? काय सांगितलंत?"

"वेगळं लागत नाही म्हटलं. आतलं आहे तेवढं बंद करू नका. पंचिंगचं सॉफ्टवेअर विकत घ्या, आणि कॉपीचा डबा वायर काढून कपाटात ठेवा."

"ऐकलं?"

"सरी अण्णा, सरी, बरोबर आहे, म्हणाला." ह्यांनी ताटात हात फिरवून भात गोळा केला. "आणि मग माउसची टिकटिक ऐकू आली. माझ्या हाताला पाठ आहे ना ते सगळं. किती वेळा, किती थांबून दाबलं ते ऐकूनच कळलं, पहारा बंद केला म्हणून."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? पंचिंग उघडलं, मशीन सुरू झालं. मी पुढचं कापड ताणायला घेतलं."