मामाच्या पैशात एकाच कानाची बाळी

मैत्रिणींनो, रातभर झोप लागली न्हाई. अण्णाला काय सांगू, ह्याचंच भ्या वाटायलंय.

चार वर्षांमागं माझी पोरगी झाली तवा अण्णानं, म्हंजे माझ्या मोठ्या भावानं, हातात पाच हजार दिले. "कान टोचताना माझ्याकडून सोन्याच्या बाळ्या घाल," म्हणला. किती बी नड आली, मी त्या नोटांना हात लावला न्हाई. ज्वारीच्या डब्यात जपून ठेवल्या.

काल सांजच्याला हुलसूरला सोनाराकडं गेले. तो म्हणला, "अक्का, एवढ्यात एकाच कानाचं होतंय."

मी म्हणलं, "पैसे पुरे हायत, मोजा की!"

"पैसे तेवढेच हायत. सोनं तेवढं येईना आता. दुसरा कान पुढच्या वर्षी टोचा," म्हणून हसला.

पोरगी म्हणाली, "आई, एकच घे. मामाला तोच कान दाखवते." मला रडूच आलं.

नोट जपली की झालं, असंच वाटलं व्हतं मला. पैसा डब्यात बसून बी कमी व्हतोय, हे कुणी सांगितलंच न्हाई.

परवा अण्णा यायलाय. त्याला फोन करून सांगायचं धाडस व्हईना. अण्णाच्या गावचं, मुडबीचं कुणी हे वाचायलं असलं तर माझ्या भावाला फोन लावा. म्हणावं, तुझ्या बहिणीनं एक रुपया बी खाल्ला न्हाई.