बॉनेटवर ठेवलेला तळहात

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलो होतो. दर्शन झालं, प्रसादाचा नारळ बायकोच्या पिशवीत गेला आणि गर्दीतून वाट काढत आम्ही गाडीपाशी आलो. किल्ली फिरवली तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडे प्रज्ञा होती, सुखदेवची मुलगी. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. सकाळी चहा घेतला, पेपर चाळला, गॅरेजला निघतो म्हणून उठला आणि दारातच खाली बसला, तो पुन्हा उठला नाही... फोन कानाला तसाच धरून मी समोर पाहत राहिलो. समोर डॅशबोर्डवर काट्यांच्या शेजारी इंजिनाच्या आकाराचा तो पिवळा दिवा पेटलेला होता. दोन दिवसांपासून पेटत होता आणि दोन दिवस मी बायकोला सांगत होतो, की घाबरू नकोस, राजूरहून आलो की सुखदेवला दाखवतो. खरं सांगायचं तर बातमी ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता हा दिवा दाखवायचा कुणाला? अठ्ठावीस वर्षं सोबत असलेला मित्र गेला आणि मला माझ्या गाडीची पडली होती. माझी मलाच लाज वाटली आणि मग रडू आवरेना.

सुखदेव साळवे हे नाव अंबड, अंकुशनगर आणि आसपासची पाचपन्नास गावं सोडली तर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तो गाड्या दुरुस्त करायचा. एक्क्याऐंशी साली मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात लागलो तेव्हा तो तिथल्या वर्कशॉपात मिस्त्री होता. अंतरवालीकडचा, सातवी शिकलेला, अंगानं काटकुळा. मला फिरतीसाठी एक जुनी जीप मिळाली होती आणि कृषी पदवीधर असल्याचा ताठा मी घरूनच घेऊन आलो होतो. पहिल्याच आठवड्यात उसाच्या नोंदी घेऊन परत आलो, तर हा वर्कशॉपच्या दारात माझ्याकडे पाठ करून काहीतरी घासत बसलेला. जीप थांबायच्या आत, मागे न बघता म्हणाला, "साहेब, पुढचं उजवं चाक उद्या खोलू. बेअरिंग रडून राह्यलं." मी म्हटलं, मला तर काही ऐकू येत नाही. "तुम्ही उसाकडं बघत आल्ता ना, मंग कसं येईन?" दुसऱ्या दिवशी चाक खोललं. बेअरिंगचा पार भुगा व्हायच्या बेतात होता.

त्या कानाच्या गोष्टी सांगायला बसलो तर पेपरच्या या पुरवणीची सगळी पानं मलाच लागतील. त्याच्याकडे हातभर लांबीची एक लोखंडी सळई होती. तिचं एक टोक चालू इंजिनावर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवायचा आणि डोळे मिटायचा. आतला कुठला भाग कुरकुरतोय ते त्याला कळायचं. एका पावसाळ्यात गाळप बंद असताना ड्रायव्हर मंडळींनी त्याची परीक्षा घ्यायची ठरवलं. डोळ्यांवर उपरणं बांधून त्याला खुर्चीत बसवलं आणि एकाच बनावटीच्या पाच जीपा एकामागून एक समोरून नेल्या. पाचही जीपा त्यानं नंबरासकट ओळखल्या. मग लबाडी म्हणून पहिलीच जीप दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती देऊन पुन्हा आणली. सुखदेव हसला. "ही पहिलीच हाय. ड्रायव्हर बदललाय, अन् ह्यो गडी क्लचवरचा पाय काढतच न्हाई." मी विज्ञान शिकलेला माणूस, नवससायासांवर विश्वास न ठेवणारा (राजूरला जातो ते बायकोसाठी), पण त्या दिवशी मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. तेव्हा पडायला हवं होतं असं आता वाटतं.

पुढे त्यानं नोकरी सोडून अंबडच्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. मी तेव्हाही त्याचाच गिऱ्हाईक. मग दोन हजार सालानंतर त्या नव्या पेट्रोल गाड्या आल्या, आत संगणक बसवलेल्या. माझीही अशीच एक छोटी गाडी आली. या गाड्या आवाज करीत नाहीत, नुसता पिवळा दिवा लावून गप्प बसतात. आणि त्याच सुमारास सुखदेव चुकायला लागला. एका शिक्षकाच्या गाडीचा गिअरबॉक्स त्यानं उतरवला आणि दोष निघाला चाकात. लोक बोलायला लागले, की मिस्त्रीचं वय झालं, नव्या गाड्या त्याला झेपत नाहीत. मलाही तसंच वाटलं. म्हणून एके दिवशी तो म्हणाला, "साहेब, ते गाडीला जोडून दोष सांगणारं हातातलं यंत्र येतंय ना, स्कॅनर, ते घ्यायचंय. विंग्रजी वाचायला तुम्ही चला," तेव्हा मला नवल वाटलं, आणि थोडं वाईटही.

भर मे महिन्यात माझीच गाडी घेऊन आम्ही औरंगाबादला गेलो. दुकानात शिरण्याआधी त्यानं एका झाडाखाली गाडी थांबवायला लावली, बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची पिन हळूच उपसून ठेवली. "आता बघू, कोण वळखतंय." दुकानदारानं पहिलं यंत्र काढलं ते तळहाताएवढं, स्वस्त. त्यावर एक कोड उमटला. दुकानदार ऐटीत म्हणाला, "एरर दिखाता है, और ये बटन दबाया तो मिटा भी देता है." सुखदेवनं विचारलं, "चालू गाडीत आत काय चाल्लंय ते दावतं का?" नाही म्हणाला. "मंग हे दिवा विझवायचं यंत्र हाय. दुसरं दाखवा." दुसरं यंत्र मोठं होतं, रंगीत पडद्याचं, पण माझ्या गाडीशी त्याचं बोलणंच जुळेना. सुखदेव मला म्हणाला, "दिसायला नवरदेव हाय, पण आपल्या गाडीची भाषा येत न्हाई त्याला. आपल्याकडं येणाऱ्या गाड्यांशी बोलतंय का, ते आधी बघायचं." तिसरं यंत्र जाड, राखाडी रंगाचं, सोबत वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना लागणाऱ्या वायरींचा जुडगा. ते जोडलं आणि पडद्यावर आकडे हलायला लागले. इंजिनाचे फेरे, बॅटरीचा दाब, आत जाणारी हवा... आणि पाण्याचं तापमान, उणे चाळीस! बाहेर डांबर वितळत होतं आणि यंत्राच्या मते माझं इंजिन बर्फात गोठलं होतं. सुखदेवनं जाऊन पिन परत खोचली. आकडा उडी मारून नव्वदच्या पुढे गेला. त्या पडद्याकडे तो असा बघत राहिला, की मी त्याला हाक मारली तरी त्याचं लक्ष नव्हतं. "हेच," एवढंच म्हणाला.

परत आल्यावर गॅरेजवर चारपाच जण जमले होते. यंत्र बघायला आलेल्या त्या मंडळींसमोर माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. मी म्हणालो, "काय सुखदेव, कान विकून खोका घेतलास म्हणायचा!" सगळे हसले. तोही हसला, जरासा उशिरा, माझ्या तोंडाकडे बघून.

महिनाभरानंतर एका गाडीची चाचणी घ्यायला म्हणून आम्ही अंतरवालीपर्यंत गेलो. चौकात चहाच्या टपरीसमोर तो रस्त्यात उभा राहून वाकून मागचं चाक बघत होता. पाठीमागून कापसाचा ट्रक आला. ड्रायव्हर हॉर्न दाबून धरत होता, टपरीवरची माणसं ओरडत होती आणि सुखदेव चाकच बघत होता. मी धावत जाऊन दंडाला धरून त्याला ओढलं. ट्रक गेला. घाबरून मी त्याच्यावर चांगलाच खेकसलो. त्यानं मला बाकावर बसवलं, समोरासमोर बसला आणि म्हणाला, "साहेब, कान गेलाय. दीड वर्ष झालं. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, आतली नसच गेली, ठोकाठोकीच्या आवाजानं. कानाला मशीन लावलं तर नुसता गलका होतोय, इंजिन काय ऐकू येत न्हाई." त्याला समोरच्याचे ओठ हलताना दिसले की पुष्कळसं कळायचं आणि गॅरेजात सगळेच ओरडून बोलतात, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. "कानाच्या नावावर गॅरेज चालतंय माझं. कान गेला हे कळलं तर गिऱ्हाईक फिरकन का? प्रज्ञाचं पॉलिटेक्निक अजून व्हायचंय. मी हाय तवर कुठं बोलू नका. मी गेल्यावर बिलकुल सांगा, पेपरात छापा." चहा तसाच गार झाला. मी त्या दिवशी चारचौघांत केलेली ती थट्टा मला आठवली. आयुष्यात मी बऱ्याच जणांना टोचून बोललो आहे, पण एवढं शरमेनं मरायची वेळ दुसऱ्या कुणी आणली नाही. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, "साहेब, जरा हळू बोला, लोक बघून राह्यले."

त्यानंतर त्यानं जे केलं त्याचं मला आजही नवल वाटतं. कान गेलेल्या मिस्त्रीनं नवीन रीत काढली. गाडी आली की यंत्राला हात लावायचा नाही. आधी मालकाला गाडीत बसवून एक चक्कर मारायला लावायची, मग बॉनेटसमोर उभं करायचं आणि म्हणायचं, "आवाज कसा येतोय, ठोकून दावा." आणि स्वतःचा तळहात बॉनेटवर पसरून ठेवायचा. हेडमास्तर, सरपंच, कडक इस्त्रीतले वकीलसाहेब, सगळे मुकाट्यानं बॉनेटवर बोटांनी टक टक, टकटक, टक असं वाजवून दाखवायचे आणि सुखदेव तळहातानं ते ऐकायचा. थंड असताना येतो का? वळताना? चढावर? हे सगळं वहीत लिहून झाल्यावरच यंत्राची वायर जोडायची. लोकांना वाटायचं, ही या यंत्राचीच काहीतरी पद्धत असेल. गंमत अशी, की त्यामुळे तालुक्यातले लोक आपापल्या गाड्या ऐकायला शिकले.

कोडांचे अर्थ मी त्याला वहीत मराठीत लिहून दिले होते. "प्राणवायू संवेदक" असं मी लिहिलेलं बघून तो पोट धरून हसला. "हे गाडीला बी कळायचं न्हाई. ऑक्सिजन सेन्सर लिव्हा." पन्नाशीला टेकलेला तो माणूस रोज सकाळी गॅरेज उघडण्याआधी ती वही घोकायचा. सहा महिन्यांत मला न विचारता वाचायला लागला आणि वर्षभरात माझ्या चुका काढायला लागला. जुन्या गाड्या विकणारा एक जण आला होता, म्हणाला, नुसता दिवा घालवून दे, उद्या गिऱ्हाईक यायचंय. सुखदेवनं त्याला काळी चिकटपट्टी दिली. "ही लाव दिव्यावर. तेवढ्यासाठी यंत्र कशाला पाहिजे?"

पण मला विसरता येत नाही ती एका ऊसवाल्याची गाडी. धावताना मध्येच बंद पडायची. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोन्हीकडच्या यंत्रांनी एकच कोड दाखवला आणि दोन्हीकडे तोच सेन्सर नवा बसला होता. सुखदेवच्या यंत्रानंही तोच कोड दाखवला. मी म्हटलं, बदल बाबा तिसऱ्यांदा. त्यानं मालकाला विचारलं, बंद कधी पडते? मालक विचार करून म्हणाला, मळ्यातून बाहेर पडताना, पूर्ण डावीकडे वळवली की. सुखदेवनं गाडी चालू ठेवली, यंत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "आकड्यावर नजर ठिवा. पडला की हात वर करा." आणि स्वतः वायरींचा गठ्ठा बोटांनी चाचपत पुढून मागे सरकत गेला. एका जागी त्याचं बोट टेकलं आणि आकडा शून्यावर आला. मी हात वर केला. उसाच्या फडालगत उभ्या राहणाऱ्या त्या गाडीत उंदरानं वायरचं प्लॅस्टिक कुरतडलं होतं आणि स्टिअरिंग पूर्ण वळलं की उघडी तार पत्र्याला टेकत होती. "यंत्र नुसतं बोट दावतं, साहेब," तो हात पुसत म्हणाला, "तिथवर चालत आपल्यालाच जावं लागतं." ऊसवाला त्याच्याकडे बघत होता आणि मीही. जीपा ओळखणाऱ्या त्या तरण्या मिस्त्रीपेक्षा हा बहिरा मिस्त्री मला कितीतरी मोठा वाटला.

सुखदेवच्या जलदानविधीला गेलो तेव्हा दिवा पेटलेली ती गाडी त्याच्या दारापासून मुद्दाम लांब उभी केली होती. नंतर तीन आठवडे दिवा तसाच पेटत राहिला. थंड इंजिन चालू केलं की एक बारीक आवाजही यायला लागला होता. बायको रोज आठवण करायची, मी रोज टाळायचो. शेवटी गेल्या सोमवारी सकाळी गेलो. गॅरेज उघडं होतं. सळई नेहमीच्या खिळ्याला टांगलेली होती, राखाडी यंत्र फडक्यात गुंडाळून टेबलावर, त्याखाली वही. प्रज्ञा आता डिप्लोमा झालेली, दोन वर्षांपासून बापाच्या बरोबरीनं काम करणारी. एका गाडीखालून बाहेर आली, हात पुसले. मी यंत्राकडे बोट केलं, "लाव बाई, बघ काय म्हणतंय." तिनं मान हलवली आणि बॉनेटसमोर येऊन उभी राहिली. तळहात बॉनेटवर पसरला. "आधी ठोकून दाखवा, काका."

तिचे कान तर शाबूत आहेत. मला वाटलं, बापाची ही रीत ती पद्धत समजून चालवते आहे, आणि ती का पडली हे तिला सांगणं आता माझं काम आहे. तो गेल्यावर सांगा, असं तोच म्हणाला होता. "प्रज्ञा, तो असं का विचारायचा, तुला माहीत नसेल..."

"माहीत हाय, काका," ती म्हणाली. "शाळेत होते तवापासून. दाराची कडी वाजवून पाह्यली होती एकदा, त्यांच्या पाठीमागं." हात तिनं उचलला नव्हता. "तरी बी ठोका. तुमच्या गाडीचं तुम्हालाच जास्ती म्हाईत."

मी डोळे मिटले. सकाळचा पहिला आवाज आठवायचा प्रयत्न केला आणि मग तिच्या हाताशेजारी बोटांनी वाजवलं. टक... टकटक... टक.