न मोजलेली गाडी

रशीद उस्तादांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस म्हणून समितीने मला लिहायला सांगितलं. सांगताना, लेख प्रेरणादायी असू द्या, अशी सूचनाही केली. मी पेंटर माणूस. ट्रकच्या मागे लोक जे लिहायला सांगतील ते आजवर मुकाट्याने लिहीत आलो. ही एक सूचना मात्र माझ्याच्याने पाळली जाईल असं वाटत नाही. जे अलीकडे उस्तादांच्या घरी जाऊन आले आहेत ते मला याचं कारण विचारणार नाहीत.

उस्तादांची आणि माझी पहिली भेट बीडच्या त्यांच्या गॅरेजात झाली. गॅरेज बॉडीकामाचं. ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचा, दारं बसवायची, ट्रकचा नवा हौदा बांधायचा. मी एका टेम्पोच्या कपाळावर मालकाच्या मुलीचं नाव लिहायला गेलो होतो. लिहून झालं तरी उस्ताद माझ्या मागे उभेच. शेवटी म्हणाले, "आसंच, पन नखाएवढ्या जागंत लिहिता येतंय का?" मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांनी मला आत नेलं. फळीवर तोच टेम्पो उभा होता, हातभराहूनही लहान. दार उघडत होतं, स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळत होती. बाहेरच्या खऱ्या टेम्पोच्या दाराला जो पोचा आला होता आणि जो त्यांनी त्याच सकाळी ठोकून काढला होता, तो या छोट्या दारावर जसाच्या तसा होता. "ह्यो कावून ठेवलाय?" मी विचारलं. "तितं आता न्हाई, म्हनून हितं ठेवला," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांना उस्ताद म्हणतो.

या छंदाचं मूळ सांगायला हवं. तरुणपणी रद्दीच्या दुकानात त्यांना एक परदेशी मासिक सापडलं. तिकडे हौशी लोक मोटारीचे सुटे भाग पेटीतून मागवतात आणि घरच्या अंगणात गाडी जोडतात, त्याचे फोटो त्यात होते. उस्तादांना इंग्रजी येत नव्हतं, पण फोटो पुरेसे होते. बीडला अशी पेटी कोण पाठवणार, म्हणून त्यांनी आपली पेटी आपणच जमवली. जुन्या मोटारीचं इंजिन, जीपचा ॲक्सल, स्कूटरचे दिवे, आणि बॉडी सगळी स्वतःच्या हातची. दोघांपुरती, डाळिंबी रंगाची, टप नसलेली गाडी तयार झाली. आरटीओत पासिंगला नेली तर साहेबांनी कंपनी विचारली. उस्ताद म्हणाले, "मीच." गाडी पास झाली नाही. ती गॅरेजच्या आवारातच राहिली. क्वचित भल्या पहाटे, रस्त्यावर कोणी नसताना, बायकोला, म्हणजे आमच्या चाचींना, शेजारी बसवून उस्ताद नेकनूरच्या बाजूला थोडं लांब जाऊन यायचे. मोठी गाडी पुन्हा करणं शक्य नव्हतं आणि हात स्वस्थ बसत नव्हते, तेव्हा ते छोट्या गाड्यांकडे वळले.

फुटाला एक इंच, हे त्यांचं प्रमाण. पत्रा ऑइलच्या डब्यांचा, टायर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे, काचा धुऊन स्वच्छ केलेल्या एक्स-रेच्या फिल्मच्या. माप सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, आणि ते स्वतः टेप लावून दोनदा घेतलेलं. चित्र बघून त्यांनी कधी गाडी केली नाही. जी गाडी आपल्या भागात चालली, जिचा मालक येऊन सांगू शकतो, तीच करायची. गाडी झाली की मालकाला बोलवायचं. त्याने हो म्हटलं तर ठेवायची, नाही म्हटलं तर खोलायची.

नेकनूरच्या महादूअण्णांची काळी-पिवळी जीप आम्ही अशीच केली. ती कधी रिकामी उभीच राहायची नाही, म्हणून उस्तादांनी फाट्यावर, माणसं बसलेली असतानाच मापं घेतली. काही महिने काम चाललं. नाव मी लिहिलं, नंबर मी टाकला. महादूअण्णा आले, उकिडवे बसले, पुष्कळ वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "उस्ताद, ही माझी न्हाई."

"कावून?"

"ही भरलेली हाय. मागून बसलीय बगा. माझी गाडी रिकामी लई ताठ उभी ऱ्हाती."

उस्तादांनी खाली वाकून पाहिलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. माणसांच्या ओझ्याने बसलेले स्प्रिंगचे पाटे त्यांनी मोजले होते आणि तसेच केले होते. मी म्हणालो, कुणाच्या लक्षात येणार आहे. ते म्हणाले, "मालकाच्या आलं की." आम्ही ती जीप पुन्हा खोलली, आणि ते सगळं काम पहिल्यापासून केलं.

उस्तादांच्या स्वभावाबद्दल एकच सांगतो. रेडियमची कापीव अक्षरं आली आणि आमचा धंदा बसला. माझे ब्रश सुकले. त्या वर्षी माझ्या डोक्यात काय काय येत होतं हे माझ्या बायकोला ठाऊक आहे, आणि उस्तादांना ते कुणी न सांगता कळलं होतं. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "माझे डोळे आता बारीक अक्षराला चालत न्हाईत. तू रोज येत जा." मी आदल्याच आठवड्यात त्यांना जमिनीवर पडलेला मोहरीएवढा स्क्रू चष्म्याशिवाय उचलताना पाहिलं होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. आज मी हे लिहायला जिवंत आहे, त्यात त्या खोटं बोलण्याचा वाटा मोठा आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख मला प्रेरणादायी लिहवत नाही ती सांगतो. काही वर्षांपूर्वी गॅरेजची जागा मालकाने विकली. बाकी सामान हललं, डाळिंबी गाडी हलेना. कागद नाहीत, त्यामुळे रस्त्यावर उभी करता येत नव्हती. घराच्या गल्लीत ती शिरत नव्हती. ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं. शेवटी उस्ताद म्हणाले, भंगारवाल्याने तोडण्यापेक्षा मीच कापतो. गॅस कटरने त्यांनी ती स्वतः कापली. मी शेजारी उभा होतो. टेप नेहमीप्रमाणे त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. तो बाहेर काढायचं ना त्यांना सुचलं, ना मला.

त्यानंतर ते अधूनमधून म्हणायचे, तिचं मॉडेल करायचं हाय, पन शेवटी, सावकाश. लोकांच्या गाड्या भंगारात चालल्यात, मालक म्हातारे झालेत, आधी त्यांच्या करू. आधी त्यांच्या करता करता उस्तादांच्या हातांना कंप सुटला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की औषधाने थोडा आटोक्यात राहील, जाणार नाही. मागच्या वर्षीपासून त्यांना चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागतो. गाड्यांनी भरलेल्या फळीकडे ते पाठ करून बसतात.

मी म्हणालो, "उस्ताद, तुमी फक्त सांगा, करतो मी." पत्र्याचं काम त्यांनीच मला शिकवलेलं आहे. त्यांचा चेहरा उजळला. मी पेन्सिल घेतली आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर विचारलं. ते सांगायला गेले आणि थांबले. महादूअण्णांच्या जीपचं बॉनेट किती इंच आणि किती सूत, ते आजही झोपेतून उठवलं तरी सांगतील. आपल्या गाडीचं एकही माप त्यांना सांगता येईना.

"मोजलीच न्हाई," ते म्हणाले.

"कावून पन?"

"घरच्या मानसाचं माप कोन घेतंय बे."

फोटो एकच निघाला. त्यात घरातली सगळी माणसं गाडीच्या पुढे उभी आहेत. मागे एक दिवा आणि मडगार्डची कड दिसते, बाकी गाडी लोकांच्या कपड्यांआड आहे. त्यावरून काही ठरवता येईना. तेव्हा चाची म्हणाल्या, "आमी बसून दाखवतो की." त्यांनी अंगणात दोन स्टुलं मांडली. उस्ताद उजव्या स्टुलावर बसले, पाय पुढे केले, स्टेअरिंग धरल्यासारखे हात धरले. चाची डावीकडे बसल्या, मग म्हणाल्या, "इतक्या लांब न्हवते मी," आणि स्टूल जवळ ओढलं, खांद्याला खांदा लागेपर्यंत. "हां. आसं." मी कोपरापासून दारापर्यंतची जागा मोजली, गुडघ्याची उंची मोजली. उस्तादांचे हात इतके हलत होते की टेपचं टोक जागेवर राहत नव्हतं. तरी त्या दिवशी मी घरी आनंदात गेलो. पत्राही कापून ठेवला.

माप दोनदा घ्यायचं हा त्यांचाच नियम, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं. एकही आकडा जुळला नाही, आणि फरक सुताचा नव्हता, बोटाबोटांचा होता. उस्तादांची पाठ वाकली आहे, गुडघा पूर्वीसारखा दुमडत नाही, चाची तर निम्म्या राहिल्या आहेत. मी तिसऱ्यांदा टेप लावायला गेलो तर उस्तादांनी माझा हात बाजूला सारला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "हे म्हाताऱ्याचं माप हाय. गाडी जवानाची हुती."

मी म्हणालो, अंदाजाने करतो, जवळपास तरी येईल. ते म्हणाले, "मालक मीच हाय. मला दिसंल." कापलेला पत्रा माझ्याकडे तसाच पडून आहे आणि तो तसाच राहणार आहे. इतरांच्या इतक्या गाड्या त्यांनी सांभाळून ठेवल्या, त्यांची एक होती ती गेली. याचं सांत्वन माझ्याकडे नाही, समितीने ते माझ्याकडून मागू नये. आणि सन्मानचिन्ह म्हणून बाजारातली चकचकीत छोटी मोटार द्यायचं घाटत आहे असं ऐकतो. हात जोडून विनंती आहे, शाल द्या, श्रीफळ द्या, ती मोटार देऊ नका.

समारंभात सगळे त्यांना शतायुषी व्हा म्हणतील. मी घरी जाऊन तेच म्हणालो तेव्हा उस्ताद म्हणाले, "हात गेल्यावर वर्षं घिऊन काय करू?" पण उस्ताद, मागणं सोडवत नाही. क्लच किती दाबायचा हे तुमच्या पायाला अजून ठाऊक आहे, दार लावताना काय आवाज यायचा हे चाचींच्या कानात आहे. त्या गाडीचं आता एवढंच उरलं आहे, आणि ते मला कितीही शिकलो तरी घेता येणार नाही. म्हणून तुम्ही दोघं पुष्कळ जगा, दुखण्याशिवाय जगा, हे मी माझ्या स्वार्थासाठी मागतो आहे.

ती दोन स्टुलं चाचींनी अजून आत नेलेली नाहीत. संध्याकाळी दोघं तिथेच बसतात, समोर गल्लीकडे तोंड करून. उस्तादांचा डावा हात जास्त थरथरतो. तो चाचींनी धरून ठेवलेला असतो.